टोचलेला कागद

१

हिवाळ्यात आमच्या गावचं तळं गोठतं, पण त्याच्याही आधी माझा सरस गोठतो. याकच्या कातड्याचा सरस रंगात मिसळला नाही तर दगडाची पूड कापडावर धरत नाही. म्हणून थंडीत मी चित्राची चौकट वहिनीच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ मांडतो आणि रंगाच्या वाट्या गरम राखेच्या कडेला ठेवतो. वहिनी रोज कुरकुर करते, की हे स्वयंपाकघर आहे की गोम्पा? मी रोज सांगतो, की थोडे दिवस कळ काढ, तुझ्या हातचा चहा प्यायले की देव आपणहून उठून जातील. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं होतं.

त्या हिवाळ्यात ती कुरकुरली नाही. चुलीजवळची जागा तिनं स्वतःच झाडून दिली.

थांगका, म्हणजे कापडावरचं देवाचं चित्र, या वेळी तिच्याच नवऱ्यासाठी होता. माझा थोरला भाऊ नाम्दाक धान्य देऊन मीठ आणायला खिंडीपलीकडे गेला होता. परतताना वरचा बर्फाचा कडा सुटला. याक सापडले, खोगिरं सापडली, दादा सापडला नाही. आम्हा बोन धर्माच्या लोकांत माणूस गेल्यावर सात आठवड्यांच्या आत त्याला पुढच्या वाटेवर सोडून यायचं असतं. प्रेत नसलं तर त्याचा जुना छुबा, म्हणजे अंगावरचा लोकरी अंगरखा, घडी करून ठेवतात. आणि ज्यांना जमतं ते त्याच्या नावानं थांगका करवून घेतात. मधे शेन्ल्हा ओकार, पांढऱ्या उजेडाचा देव, आणि खाली कोपऱ्यात हात जोडून गुडघ्यांवर बसलेला तो गेलेला माणूस.

आता गंमत अशी, की तो माणूस कुणीही असो, आम्ही चितारी एकच तोंड काढतो. गोल, गुळगुळीत, ना राग ना लोभ. खाली नाव लिहिलं की झालं. आमच्या गोम्प्यात, म्हणजे गावच्या मठात, कित्येक पिढ्यांचे मेलेले लोक एकाच तोंडानं बसलेत आणि आजवर कुणाची तक्रार आलेली नाही.

"ते गोल तोंड नको," बोन्की वहिनी म्हणाली. "त्याचं तोंड काढ."

"वहिनी, असं करत नाहीत."

"करत नाहीत, की तुला येत नाही?"

इथे मी फसलो. माझ्या हाताबद्दल कुणी शंका घेतली की माझं डोकं चालेनासं होतं. मी कागद ओढला आणि दादाचं तोंड काढलं. लहानपणी मीच दगड मारून वाकवलेलं नाक, रुंद कपाळ, आणि डाव्या गालावर मिऱ्याएवढा तीळ. त्याची मुलगी पेल्झोम माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिनं त्या तिळावर बोट दाबलं आणि हळूच म्हणाली, "म्ब्बाँ."

हा बापलेकीचा खेळ होता. तिनं तीळ दाबायचा आणि दादानं याकच्या वासरासारखं हंबरायचं. ती त्या वेळी सहा-सात वर्षांची असेल. कागदावरचा बाप हंबरला नाही तेव्हा ती रडली नाही, नुसती बोटाला लागलेला कोळसा बघत राहिली. मला तिथे बसवेना. मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

२

आमच्याकडे चित्र थेट कापडावर काढत नाहीत. आधी कागदावर रेखाटायचं, त्याच्याखाली दुसरा कोरा कागद धरायचा आणि रेघेरेघेवरून सुईनं टोचत जायचं. वरचं रेखाटन बाजूला केलं की खालच्या कागदावर रेघ एकही नसते, नुसती भोकं. तो दगडानं दोन्ही बाजूंनी घासून सपाट करतात. मग कापडावर ठेवून त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की भोकांतून काळे ठिपके उतरतात. ठिपक्यांवरून शाईची रेघ ओढायची आणि कोळसा फुंकून टाकायचा. या कागदाचा मोठा फायदा असा, की एका कोपऱ्यातली आकृती दुसऱ्या कोपऱ्यात हवी झाली तर पुन्हा काढायला नको. कागद पालथा घातला की काम झालं.

दादाला मी उजव्या कोपऱ्यासाठी काढला होता. कोळसा लावणार तेवढ्यात आमचे मेमे लामा आले. मेमे म्हणजे आजोबा. गावातला प्रत्येक जण त्यांना मेमेच म्हणतो, त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. त्यांनी चौकटीकडे बघितलं आणि म्हणाले, "उजवा कोपरा तळ्याच्या राखणदाराचा रे. नाम्दाकला डावीकडे बसव."

मी कागद पालथा घातला आणि डावीकडे ठिपके उतरवले. असं मी आयुष्यभर करत आलोय. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

"आकू, मला पण काढ," पेल्झोम म्हणाली. ती मला आकू म्हणायची, काका, आणि बापाला आपा. "आपाच्या शेजारी काढ."

"जिवंत माणसं तिथे बसत नाहीत, राणी."

"मग मी मरू?"

"तोंड सांभाळ गं!" वहिनी चुलीपासून ओरडली आणि तिच्या हातातली पळी खाली पडली.

पोरीचं मन राहावं म्हणून मी एका चिटोऱ्यावर तिचं चित्र काढलं. रांगत असताना ती चुलीवर पडली होती, त्याची भाजल्याची खूण तिच्या भुवईवर होती, तीही काढली. टोचायचं काम तिनंच केलं. जीभ बाहेर काढून, एकेक भोक जपून. रेखाटन तिनं चुलीत टाकलं, कारण टोचलेला कागद तोच खरा, असं मीच तिला शिकवलं होतं. तो कागद तिनं छुब्यात छातीशी खोचून ठेवला. दिवसातून दहा वेळा काढून चुलीच्या उजेडासमोर धरायची आणि स्वतःकडे बघून हसायची.

३

थांगका पूर्ण झाला. मेमे लामांनी कापडाच्या मागच्या बाजूला प्रत्येक आकृतीच्या कपाळामागे, कंठामागे, छातीमागे मंत्राची अक्षरं लिहिली. दादाच्या आकृतीमागेही लिहिली. मग सगळं गाव गोम्प्यात बसलं असताना त्यांनी हाक मारली, "नाम्दाक, जिथे असशील तिथून ये आणि इथे बस." तीन वेळा मारली. वहिनीनं छुब्याची घडी पोटाशी धरली होती. नंतर त्याला वाट समजावून सांगितली, त्याच्या नावाचा कागद दिव्यावर जाळला, आणि दादा गेला. वहिनी त्या दिवशी पोटभर जेवली. सगळ्यांना हलकं वाटलं, मलाही.

आठवडाही झाला नसेल. भर दुपारी आम्ही सगळे तळ्यावर पाण्यासाठी बर्फ फोडत होतो. पलीकडच्या काठावरून कुणीतरी गोठलेल्या तळ्यावरून सरळ चालत येताना दिसलं. आधी वाटलं गुराखी असेल. मग वहिनीच्या पाठीवरची टोपली खाली पडली आणि बर्फाचे तुकडे घरंगळत गेले.

दादा होता.

बायका किंचाळल्या. दोघं-तिघं पळाले. माझे पाय बर्फाला चिकटल्यासारखे झाले होते. तो आमच्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चहा आहे का घरी?"

मेमे लामांनी त्याचं मनगट धरलं. "गरम आहे," ते म्हणाले. एवढं ऐकताच वहिनीनं त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली. "मेल्या! कुठे होतास? कुठे होतास रे मेल्या?" मग कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले.

"मेमे, आपण मग निरोप कुणाला दिला?" एका म्हातारीनं विचारलं.

"देवाला ठाऊक," मेमे लामा म्हणाले. ते हसत नव्हते.

कुठे होतास असं मीही दादाला विचारलं. "तिकडे सगळं पांढरं होतं," तो म्हणाला. "थंडी नव्हती."

४

आनंदात माणूस बारकावे बघत नाही. मी मात्र बघतो, तो माझा धंदाच आहे, आणि खरं सांगायचं तर ती माझी खोडही आहे.

आधी छुबा. आम्ही पुरुष छुबा उजव्या कुशीला आणून बांधतो. दादा डाव्या कुशीला बांधत होता. मग जेवण. सातूचं पीठ तो चहात डाव्या हातानं मळायचा. मी मनाशी म्हटलं, उजव्या हाताची बोटं हिमानं बधिर झाली असतील. माणूस मरणाच्या दाढेतून आलाय आणि आपण त्याच्या गाठी तपासत बसलोय. मला माझीच लाज वाटली.

मग गोम्प्याचे फेरे. आम्ही बोन लोक गोम्पा डाव्या हाताला ठेवून फिरतो. खालच्या खोऱ्यातले बौद्ध उजव्या हाताला ठेवतात. यावरून दोन्हीकडून पिढ्यान्पिढ्या चेष्टा चालते, सोयरिकी मोडल्यात. दादा पहिल्याच सकाळी गोम्पा उजव्या हाताला ठेवून फिरायला लागला. समोरून येणारे सगळे त्याच्या अंगावर आदळायला लागले.

"काय रे नाम्दाक, खालच्या खोऱ्यात घरजावई होऊन राहिला होतास की काय?"

"बोन्की, विचार बाई, तिकडे दुसरी चूल मांडलीय का!"

वहिनीसुद्धा हसली. दादाही हसला, आणि तसाच उलटा फिरत राहिला. त्याला वळवून योग्य दिशेला लावलं तर चार पावलं जायचा, थांबायचा, आणि घर चुकलेल्या माणसासारखा इकडेतिकडे बघायचा. शेवटी लोकांनी नाद सोडला. डोक्याला मार लागला असेल म्हणाले. पेल्झोम मात्र त्याचं बोट धरून त्याच्याबरोबर उलटी फिरायला लागली. बाप परत मिळाला होता, दिशेचं तिला काय!

आणि मग एका सकाळी ती त्याच्या मांडीवर चढली आणि तीळ दाबायला तिनं बोट पुढे केलं. बोट हवेत थांबलं. तिनं त्याच्या गालाकडे नीट बघितलं, मग बोट दुसऱ्या गालावर नेलं आणि दाबलं. "म्ब्बाँ."

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग, जरा उशिरानं, तो हंबरला.

तीळ उजव्या गालावर होता.

मी चहाची वाटी खाली ठेवली. समोरच्या माणसाचा डावा म्हणजे आपल्या उजव्या हाताला; इथे भलेभले गोंधळतात. मी डोळे मिटून दादाला लहानपणापासून आठवला. एका अंथरुणात झोपलो होतो आम्ही, मी त्याच्या डाव्या कुशीला. तो तीळ रोज माझ्या नाकासमोर असायचा. पण आठवण म्हणजे काही पुरावा नव्हे, असंही मी स्वतःला बजावलं. जगात एवढीशी गोष्ट चुकीची आठवत नाही असा माणूस कोण आहे?

५

गोम्प्यात गेलो. थांगक्यावरचा रेशमी पडदा वर गुंडाळला. डाव्या कोपऱ्यात दादा गुडघ्यांवर बसला होता, माझ्याच हातचा, वाकड्या नाकाचा. कागद मी पालथा घातला होता, त्यामुळे तोंड दुसरीकडे वळलं होतं, छुब्याची गाठ दुसऱ्या कुशीला गेली होती, आणि तीळ उजव्या गालावर आला होता.

मी ज्याला काढलं होतं, मेमे लामांनी ज्याला नावानं हाक मारून बसवलं होतं, तोच तळ्यावरून चालत आला होता.

मग डोक्यानं उचल खाल्ली. योगायोग, म्हटलं. मला वेड लागतंय, म्हटलं. आणि वेड लागतंय की नाही हे तपासायचा उपाय माझ्या हातात होता. दुसऱ्या दिवशी मी अंगाच्या रंगाची वाटी आणि बारीक कुंचला घेऊन गेलो आणि चित्रातला तो तीळ बुजवला. एक थेंबभर रंग लागला. त्यावर फुंकर घातली, पडदा सोडला आणि घरी येऊन बटाटे सोलत बसलो.

सकाळी चुलीपाशी दादा चहा पीत होता. त्याचा गाल साफ होता. दोन्ही गाल साफ होते.

"वहिनी," मी म्हटलं. "दादाचा तीळ कुठे गेला?"

"कसला तीळ?"

"गालावरचा."

तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "याला कुठे होता तीळ? कोळशाच्या धुरात बसून बसून डोळे गेले तुझे."

"पेल्झोम, तू तीळ दाबायचीस ना? म्ब्बाँ करायचीस?"

पोर माझ्याकडे बघून हसली. तो खेळ तिला ठाऊकच नव्हता. ती नवीन खेळ म्हणून माझ्याच गालावर बोट दाबून बघायला लागली, आणि मी हंबरलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

पुसलेली गोष्ट नुसती जात नाही, ती कधी नव्हतीच असं होतं. हे मला त्या सकाळी कळलं. मला एकट्याला का आठवत होतं, ते ठाऊक नाही. कदाचित पुसणारा हात माझा होता म्हणून.

६

बर्फ वितळायला लागला तेव्हा लुंगतोक खाली आला. हा आमचा याकराखा, वर्षातले बरेच दिवस वरच्या कुरणात एकटा असतो. तो मला घराबाहेर बोलावून घेऊन गेला.

"वोसेर, खिंडीखाली एक माणूस सापडला. बर्फानं जसाच्या तसा ठेवलेला." तो कुजबुजत होता. "हुबेहूब तुझा भाऊ रे. माझी तर बोबडीच वळली. पण नाम्दाक इथे घरात बसलाय, आणि त्या मेलेल्याच्या डाव्या गालावर तीळ होता. नाम्दाकला कुठे आहे तीळ? असेल बिचारा कुणी परका. मी वर दगड रचले."

मग त्यानं मुठीतून एक चांदीचा ताईत काढून माझ्या हातावर ठेवला. झाकण एका कोपऱ्यात दबलेलं होतं. आमच्या आईनं तो दादाच्या गळ्यात बांधला होता आणि झाकण मी चावून दाबलं होतं, दात येत असताना. मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. माझा भाऊ दगडांखाली होता, आणि माझा भाऊ आत सातू खात होता, त्याच्या मांडीवर पेल्झोम होती.

मी मेमे लामांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी जपमाळ थांबवून ऐकलं.

"तीळ नव्हता रे त्याला," ते शेवटी म्हणाले.

"मेमे, हा ताईत बघा."

"पळवला असेल कुणी चोरानं, आणि तोच मेला असेल. वोसेर, नीट ऐक. थोरला गेला की धाकट्यानं त्याचं घर आणि बायको सांभाळायची, ही आपली रीत. थोरला परत आला. आता तू म्हणतोस हा तो नव्हेच. गाव काय म्हणेल?"

"मी त्याला चित्रातून पुसतो. मग कळेल तुम्हाला."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "आणि तू म्हणतोस तसंच निघालं तर? पुसलेलं नव्हतंच असं होत असेल, तर नाम्दाकच नव्हता असं होईल. मग ती पोर कुणाची? कुठून आली म्हणायची?"

मी कुंचला उचलायचो आणि पेल्झोमचं तोंड आठवून खाली ठेवायचो. लग्न केलं नाही मी, पोरंबाळं नाहीत. जगात माझं म्हणावं असं जे काही होतं ते सगळं त्या पोरीत होतं. तिला काही होणार नाही एवढीच माझी अट होती, आणि ती कुणापुढे मांडावी हे कळत नव्हतं.

७

मग एका सकाळी मी रंग कालवत होतो. पेल्झोम चुलीपाशी सातू मळत होती. डाव्या हातानं.

"उजव्या हातानं खा," मी वर न बघता म्हटलं.

"आपा असंच खातो."

मी वर बघितलं. तिच्या भुवईवरची भाजल्याची खूण काल होती त्या भुवईवर नव्हती. दुसऱ्या भुवईवर होती.

माझ्या हातातून वाटी सुटली. हिरवा रंग जमिनीवर पसरला.

"पेल्झोम, तुझा कागद कुठाय? टोचलेला?"

"आपाच्या शेजारी ठेवला," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खोडी केल्याचा आनंद होता. "तू मला बसवलंच नाहीस ना तिथे. मग मीच बसवलं. तुझी पुरचुंडी घेऊन गेले होते."

दारात दादा उभा होता. त्यानं हात पुढे केला, तिनं तो धरला, आणि दोघं फेरे घालायला निघून गेले. मी जवळच्या वाटेनं गोम्प्याकडे धावलो. तिला त्याच्या हातातून हिसकावून घ्यायला हवं होतं, हे आता कळतं. तेव्हा डोक्यात फक्त चित्र होतं.

पडदा वर केला. दादाच्या गुडघ्यापाशी, हिरवळीवर, कोळशाच्या ठिपक्यांची एक छोटी आकृती होती. हात जोडलेले. भुवईवर चार-पाच ठिपके दाट. कागद खाली देवापुढच्या पाण्याच्या वाट्यांच्या रांगेत पडला होता.

बाहेर त्यांचे फेरे सुरू झाले होते. पेल्झोमचा जप ऐकू येत होता, नेहमीसारखा खच्चून, "ओम मात्रि मुये सले दु". आवाज भिंतीमागून जायचा, पाठीमागे बारीक व्हायचा, पुन्हा दाराशी मोठा व्हायचा. उलट्या दिशेनं.

मी विचार केला. शपथेवर सांगतो, मी विचार केला. दादाला शाईची रेघ होती, रंग होता, मागे अक्षरं होती. ही अजून नुसता कोळसा होती. रेघ ओढेपर्यंत काहीच पक्कं नसतं, हे मी हाताखालच्या प्रत्येक पोराला सांगत आलोय. कोळसा चुकला तर घाबरू नका, फुंकून टाका, कापड पुन्हा कोरं. अजून वेळ आहे, मला वाटलं. तिला यातून सोडवता येईल. दुसऱ्या फेऱ्याचा आवाज दाराजवळ आला आणि मी वाकून फुंकर मारली. उरलेले ठिपके बाहीनं झटकले.

"ओम मात्रि मुये स—"

पावलं थांबली नाहीत. तशीच चालत राहिली. पण ती एकाच माणसाची होती.

८

मी बाहेर धावलो. दादा कोपऱ्यावरून वळून येत होता. उजवा हात गोम्प्याच्या भिंतीकडे, आणि डावा हात खाली, जरासा बाजूला, बोटं अर्धी मिटलेली. लहान मुलाचा हात धरल्यासारखी. बोटांच्या आत काही नव्हतं. तो माझ्यासमोरून गेला, माझ्याकडे बघून हसला, आणि पुढच्या कोपऱ्यावरून वळला.

वहिनी दिव्यांसाठी लोणी घेऊन चढण चढत होती. मी तिचे दंड धरले. "पेल्झोम! वहिनी, पेल्झोम कुठाय?"

"कोण पेल्झोम?"

"तुझी पोर! तुझी मुलगी!"

आधी ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू गेलं. "वोसेर, ज्याच्यावरून हसू नये त्याच्यावरून हसतोस? लग्नाला इतकी वर्षं झाली, कूस उजवली नाही, सगळं गाव मागून बोलतं. तूच तेवढा कधी बोलला नव्हतास." ती लोण्याचं भांडं छातीशी धरून पायरीवर बसली आणि रडायला लागली. मी घराकडे धावलो.

घरी पेल्झोमची वाटी नव्हती. तिचं अंथरूण नव्हतं. चुलीवर पडली तेव्हा तुटलेली मांडणी कधी तुटलीच नव्हती. जमिनीवर सांडलेला हिरवा रंग तेवढा होता, आणि माझ्या मुठीत टोचलेला कागद. वाट्यांमधून तो मी कधी उचलला, आठवत नाही.

दादाला पुसायचं धैर्य आता माझ्यात नाही. ज्या हातानं हे केलं त्या हातानं आणखी काही करायची भीती वाटते. पण कागद आहे. उजेडासमोर धरला की भोकांतून उजेडाचे ठिपके होतात आणि ती दिसते, हात जोडलेली, भुवईवर खूण असलेली. तो पुन्हा कापडावर ठेवता येईल. पुरचुंडी आहे, कोळसा आहे, आणि या वेळी शाईची रेघही मीच ओढीन. फक्त कागद सुलट ठेवायला हवा. उलटा पडला, तर जे येईल ते या दादासारखं येईल.

ती खूण तिच्या कुठल्या भुवईवर होती, हे मी इतका वेळ सांगितलेलं नाही. मुद्दाम नाही. त्या सकाळपर्यंत मला ते माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. आता मी डोळे मिटून तिला आठवतो, चुलीपाशी, मांडीवर, माझ्या खांद्यावरून वाकलेली, आणि खूण कधी या भुवईवर असते, कधी त्या. आज तर एकदा ती नव्हतीच. कागद दोन्ही बाजूंनी सारखा घासलेला आहे आणि दोन्ही बाजूंनी सारखा काळा आहे. पोरीनं खेळताना दोन्हीकडून पुरचुंडी आपटली असणार. रेखाटन मीच जाळायला शिकवलं होतं.

वहिनी चहाला हाका मारतेय. मी कागद एकदा या बाजूनं धरतो, एकदा त्या बाजूनं. दोन्ही बाजूंनी ती माझ्याकडेच बघते.